लाल खिडकीतला सात : जुन्या ब्राउनी कॅमेऱ्यातील अर्धवट रोलचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या एका जुन्या पेठेतील वाड्याची वाटणी ठरली, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका कित्येक वर्षांनी खाली उतरवण्यात आल्या. त्यांतल्या एकीत, इरकली लुगड्याच्या घडीत गुंडाळलेला, एक काळा चौकोनी कॅमेरा निघाला. घरचा नातू तो एप्रिलच्या अखेरीस माझ्याकडे घेऊन आला. मी स्टुडिओच्या डार्करूममध्ये उमेदीची वर्षे घालवली असून आता स्टुडिओ नसला तरी तीन ट्रे, एक एनलार्जर आणि रसायनांचा तराजू एवढा संसार घरातच शिल्लक ठेवला आहे, हे त्याला कोणीतरी सांगितले होते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून येथे नावे गाळली आहेत आणि एक-दोन तपशील बदलले आहेत. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना आजी, त्यांच्या निवृत्त चिरंजीवांना अप्पा आणि अप्पांच्या मुलाला नातू, एवढीच संबोधने पुरेशी आहेत.

मला सांगण्यात आलेली हकीकत अशी : आजोबा जुन्या गिरणीत जॉबर होते. आजींचे थोरले बंधू बोटीवर नोकरीला होते आणि एका फेरीहून परतताना त्यांनी हा कॅमेरा बहिणीच्या घरी आणून दिला. आजोबांनी त्यावर काही फोटो काढले, पुढे त्याची फिल्म मिळेनाशी झाली आणि कॅमेरा ट्रंकेत गेला. ही हकीकत मला अप्पांनी सांगितली, नातवाने तिला मान डोलावली, आणि मी ती जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली. या नोंदीकडे पुढे परत यावे लागणार आहे.

कॅमेरा

समोरच्या पट्टीवर ब्राउनी हॉकआय फ्लॅश मॉडेल असे कोरलेले होते. ईस्टमन कोडॅक कंपनीने ब्राउनी या नावाचा पहिला कॅमेरा १९०० साली एक डॉलर किमतीला बाजारात आणला, तो पुठ्ठ्याचा खोका होता. हॉकआय हे त्याच घराण्यातले उशिराचे अपत्य असून ते १९४९ ते १९६१ या काळात तयार होत असे. त्याचे अंग बेकलाइटचे, म्हणजे जुन्या विजेच्या बटणांचे असे त्याच काळ्या, चकचकीत आणि ठिसूळ प्लास्टिकचे असते. हा पदार्थ एकदा साच्यात घट्ट झाला की उष्णतेने पुन्हा मऊ होत नाही, त्यामुळे पत्र्याखालच्या साठ उन्हाळ्यांत कॅमेऱ्याचा आकार तसूभरही बदलला नव्हता. मात्र हातातून फरशीवर पडला असता तर त्याचे बशीसारखे तुकडे झाले असते.

आतली यंत्रणा इतकी साधी आहे की आज तिचे वर्णन करताना काहीतरी सांगायचे राहिले असे वाटते. एकच भिंग, फोकस कायमचा ठरलेला, छिद्र एफ/१५च्या आसपास आणि शटरचा वेग एकच, साधारण सेकंदाचा तिसावा भाग. सुमारे पाच फुटांपलीकडचे सारे कामापुरते स्पष्ट येते. मध्यभाग बरा, कोपरे मऊ. एका बाजूची राखाडी कळ दाबली की फोटो निघतो, दुसऱ्या बाजूची कळ उचलून धरली तर शटर हात काढेपर्यंत उघडे राहते. वरून खाली पाहायचे, छातीशी किंवा पोटाशी कॅमेरा धरायचा, आणि वरच्या काचेत दिसणारे दृश्य डावे-उजवे उलटे असते. कॅमेरा डावीकडे वळवला की चित्रही डावीकडेच पळते. यामुळे नवखा माणूस पहिले काही फोटो हमखास तिरके काढतो.

या प्रकरणात महत्त्वाच्या गोष्टी दोनच. पहिली, फिल्म पुढे सरकवल्याशिवाय दुसऱ्यांदा कळ दाबू नये असा कोणताही अटकाव या कॅमेऱ्यात नाही, त्यामुळे एकाच चौकटीवर दहा वेळा फोटो काढता येतो. दुसरी, मागच्या बाजूला लाल काचेची लहानशी खिडकी असते आणि तिच्यातून फिल्मच्या मागच्या कागदावरचा आकडा दिसतो. कितवा फोटो चालू आहे हे सांगणारे दुसरे काहीच त्यात नाही.

त्या खिडकीत ७ हा आकडा दिसत होता.

अडचण

कॅमेऱ्यात अर्धवट वापरलेला रोल होता. हॉकआयमध्ये ६२० क्रमांकाची फिल्म लागते आणि तिच्यावर सहा सेंटिमीटर चौरसाचे बारा फोटो बसतात. सहा फोटो निश्चित काढलेले होते, सातवा काढलेला असेल किंवा नसेल, आणि आठ ते बारा या पाच जागा कोऱ्या होत्या. उजेड पडलेला पण धुतला न गेलेला फोटो म्हणजे फिल्मवरच्या चांदीच्या कणांत झालेला अदृश्य बदल असतो. उष्णता आणि दमट हवा तो हळूहळू पुसत नेतात आणि त्याच वेळी कोऱ्या भागावर करडी धूसरता चढवतात, जिला आम्ही फॉग म्हणतो. एप्रिल-मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो अशा गावात, पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, पत्र्याच्याच ट्रंकेत राहिलेल्या फिल्मबद्दल फार आशा बाळगण्यात अर्थ नव्हता.

त्यात दोन गोष्टी माझ्याकडे येण्यापूर्वीच घडून गेल्या होत्या. नातवाने कॅमेरा प्रथम एका फोटोच्या दुकानात नेला होता. आत काय आहे ते बघू म्हणून दुकानदाराने भर उजेडात पेचकस घालून झाकण उचकटण्याचा प्रयत्न केला. वरची खिट्टी गंजून बसली होती म्हणून झाकण उघडले नाही, एरवी हे प्रकरण तिथेच संपले असते. बेकलाइटच्या कडेवर पेचकसाचा पांढरा ओरखडा मात्र राहिला.

दुसरी गोष्ट नातवाने जरा चाचरत सांगितली. "काका, गच्चीवर नेऊन दोनदा बटण दाबलं होतं. चालतंय का बघत होतो की." कशाकडे रोखून, असे विचारल्यावर तो म्हणाला, "समोर पाण्याची टाकी होती, तिकडंच." फिल्म पुढे सरकवली होती का, तर नाही. म्हणजे सातवी चौकट, तिच्यावर आधी काही असले तर, सोलापूरच्या एप्रिलमधल्या दुपारच्या उन्हाने आणखी दोनदा रंगवली गेली होती.

समोरचे पर्याय

अप्पांचे मत काहीच करू नये असे होते. कॅमेरा आहे तसा काचेच्या कपाटात ठेवावा, धुवायला जाऊन सगळेच काळे निघाले तर उरलीसुरली उत्सुकताही जाईल, असे ते म्हणाले. हे मत मला वाटते तितके बावळट नाही, कारण धुणे एकदाच होते आणि चुकले तर परत फिरता येत नाही. परंतु न धुतलेली फिल्म कपाटात स्थिर राहत नाही, ती रोज थोडी थोडी पुसतच असते. तेव्हा काही न करणे हाही एक निर्णयच ठरतो.

नातवाला उरलेले पाच फोटो आता काढून रोल पुरा करायचा होता. आजोबांच्या काळातले सहा आणि आजचे पाच एकाच पट्टीवर, ही कल्पना त्याला फार आवडली होती. मलाही क्षणभर आवडली. पण त्यासाठी जुनी, आखडलेली फिल्म कॅमेऱ्यातूनच आणखी पाच वेळा ओढावी लागणार, आणि तिच्या मागचा कागद कुठे चिकटलेला असला तर तो ओढताना फाटणार. शिवाय अशा फिल्मची उजेड टिपण्याची ताकद किती उरली आहे हे माहीत नसताना एका ठरलेल्या छिद्राच्या आणि वेगाच्या कॅमेऱ्याने तिच्यावर काढलेले फोटो म्हणजे अंधारात मारलेला दगड.

परदेशात केवळ जुन्या फिल्म धुऊन देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा निश्चित मोठा आहे. त्या मार्गात खर्च, कस्टम्स आणि काही महिन्यांची वाट एवढे तर होतेच, पण मला खरी भीती विमानतळावरील क्ष-किरणांच्या तपासणीची होती. आधीच फॉगने भरलेल्या फिल्मवर त्याची आणखी भर पडू शकते.

उरला तो चौथा पर्याय, म्हणजे मी घरी धुणे. कुटुंबाशी बोलून, काहीच न निघण्याची शक्यता मोठी आहे हे दोनदा स्पष्ट सांगून, आम्ही तो स्वीकारला. कोऱ्या पाच जागा नवे फोटो काढण्यात न घालवता चाचणीसाठी वापराव्यात, हे मी सुचवले आणि सर्वांनी मान्य केले. सर्वांनी म्हणजे अप्पांनी आणि नातवाने.

प्रत्यक्ष कृती : पहिला टप्पा, मे महिना

सर्वप्रथम लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली. पूर्वीच्या फिल्मना लाल उजेड दिसत नसे, म्हणून कॅमेरे बनवणाऱ्यांनी खिडकीला लाल काच बसवली. नंतर सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्या, त्यांना लाल उजेडही बाधतो, आणि मागच्या कागदाखेरीज त्यांना दुसरे संरक्षण उरले नाही. साठ वर्षे अंधारात राहिलेला कॅमेरा आता आठवडाभर उजेडात फिरत होता.

आत कोणती फिल्म आहे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. कोडॅकची वेरिक्रोम ही फिल्म १९५६पर्यंत लाल उजेडाला आंधळी होती, आणि ती असती तर लाल दिव्याखाली डोळ्यांनी पाहत पाहत धुता आली असती. १९५६ साली तिच्या जागी वेरिक्रोम पॅन आली, जिला पूर्ण अंधारच हवा. झाकण बंद असताना यांतली कोणती हे ओळखता येत नव्हते, म्हणून वाईटात वाईट धरून मी पूर्ण अंधाराचा मार्ग ठरवला.

खिट्टीवर बाहेरून यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून कॅमेरा एक रात्र तसाच ठेवला. फिल्म बदलायच्या काळ्या पिशवीत हात घालून हे काम करता येते, पण मे महिन्यात त्या पिशवीत दहा मिनिटांत घाम सुटतो आणि ओल्या हवेत जुने जिलेटीन चिकट होते. म्हणून दुसऱ्या रात्री न्हाणीघराचा झरोका कांबळ्याने बुजवून मी आत बसलो. त्या रात्री अकराला वीज गेली, आणि सबंध गल्लीच काळी झाल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला.

या कॅमेऱ्यात फिल्म खालच्या रिळावरून चौकटीमागून वर चढते आणि वरच्या रिळावर गुंडाळली जाते. वरच्या रिळावर पहिले सहा फोटो, चौकटीत सातवा आणि खाली पाच कोऱ्या जागा, अशी तिची स्थिती होती. फिल्म पुढे गुंडाळून घेण्याऐवजी, बोटांनी चौकटीची खालची कड चाचपून, तिच्याखाली साधारण एक सेंटिमीटर सोडून, मी कागदासकट फिल्म कात्रीने कापली. या प्रकरणातला हा एक निर्णय मी पुन्हाही तसाच घेईन. वापरलेला भाग आणि कोरा भाग वेगळे झाले, कुठेही ओढाताण झाली नाही, आणि दोन्ही तुकडे दोन काळ्या डब्यांत बंद होऊन फ्रिजमध्ये गेले. डब्यांवर 'उघडू नये' अशी पट्टी लावली, कारण आमच्या फ्रिजमधल्या प्रत्येक लहान डबीत शेंगाचटणी असते असा घरच्यांचा समज आहे.

आणि येथे मी थांबलो. मेमध्ये नळाचे पाणी तिशीच्या वर असते, डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे द्रावण, वीस अंशांच्या वर नको होता. जुन्या फिल्मवरचे जिलेटीन गरम पाण्यात फुगते, कडेने सुटते, प्रसंगी सालीसारखे निघून येते. नळाला पाणीही रोज येत नाही, आणि धुण्याला पाणी भरपूर लागते. थंडी पडल्यावर करू, असे मी नातवाला सांगितले. तो बरं म्हणाला. फ्रिजमध्ये फिल्म सुरक्षित आहे, साठ वर्षांत सात-आठ महिने म्हणजे काहीच नाही, हा माझा हिशोब फिल्मपुरता बिनचूक होता.

दुसरा टप्पा, जानेवारी

डब्या फ्रिजमधून काढल्यावर एक रात्र न उघडता बाहेर ठेवल्या, नाहीतर गार फिल्मवर हवेतले पाणी धरते. डेव्हलपर म्हणून डी-७६ घरीच तयार केला : एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. मी स्टुडिओत हाच वापरत आलो आणि त्याची चूक कुठे होते ते मला माहीत आहे. जुन्या फिल्मसाठी याहून योग्य डेव्हलपर आहेत हे मान्य, तरी सवयीचे हत्यार अनोळखी हत्यारापेक्षा बरे, असा विचार केला.

कोऱ्या पाच जागांचे पाच तुकडे केले. पहिला तुकडा साध्या डी-७६मध्ये, २० अंशांवर, सात मिनिटे धुतला. तो इतका करडा निघाला की त्यातून खिडकीतला उजेडही मळकट दिसत होता. दुसऱ्याला बेन्झोट्रायझोल घातले, हे द्रव्य फॉगला आवरते पण त्याबरोबर चित्रही थोडे मंदावते. करडेपणा निम्म्यावर आला. तिसऱ्या तुकड्यावर एनलार्जरखाली पायरीपायरीने उजेड देऊन फिल्मची शक्ती किती उरली आहे ते पाहिले. चौथा १८ अंशांवर नऊ मिनिटे धुतला आणि तो सर्वांत समाधानकारक वाटला. पाचवा त्याच मापाने पुन्हा, फक्त हायपोमध्ये, म्हणजे चित्र कायम करणाऱ्या द्रावणात, तुरटी घालून, कारण तुरटी जिलेटीन घट्ट करते. आता माझ्याकडे कृती होती आणि कोरी फिल्म संपली होती.

प्रत्यक्ष पट्टी सुमारे अर्ध्या मीटरची होती. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी ती गुंडाळी घेत होती, त्यामुळे फिल्म धुण्याच्या बंद टाकीतल्या चक्रात भरणे अशक्य होते. मी जुनी ट्रेची पद्धत धरली : दोन्ही टोके दोन हातांत, मध्ये झोळ, आणि एक हात वर दुसरा खाली करत पट्टी द्रावणातून झोके देत न्यायची. कागद सोडवताना तिसऱ्या फोटोच्या आसपास तो चिकटलेला लागला. ओढण्याचा मोह आवरून मी दोन्ही तसेच साध्या गार पाण्यात बुडवले, आणि तीन-चार मिनिटांनी कागद आपसूक सुटला. मग नऊ मिनिटे अंधारात झोके. अंधारात नऊ मिनिटे फार लांब असतात. मी ती मनातल्या मनात रामरक्षा म्हणून मोजली, आणि घड्याळाचा गजर माझ्या अंदाजाहून अर्ध्या मिनिटाने उशिरा झाला.

हायपोनंतर दिवा लावला. पिंपातल्या साठवलेल्या पाण्याने बारा वेळा पाणी बदलून पट्टी धुतली, आणि आमच्या पाण्याचे क्षार वाळताना पांढरे ठिपके सोडतात म्हणून शेवटचे बुडवणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये केले. फिल्मच्या कडेवर वेरिक्रोम पॅन असे स्पष्ट वाचता आले.

निष्पत्ती

सात चौकटींपैकी पाच ओळखू येण्याजोग्या निघाल्या. पहिलीच्या अर्ध्या भागावर उजेड शिरला होता. दुसरीत आणि तिसरीत सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसलेली माणसे होती, तिसरीवर कागदाच्या चिकटण्याने कांजण्यांसारखे ठिपके उठले होते. चौथी सर्वांत चांगली : सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, आणि त्यांच्यामध्ये आभाळात चढलेले नंदीध्वज, ज्यांना आपल्याकडे सगळे काठ्याच म्हणतात. पाचवीत वाड्याच्या ओट्यावर टोपी घातलेले एक गृहस्थ अवघडून बसलेले. सहावी हलल्यामुळे केवळ पट्ट्यांची झाली होती.

सातव्या चौकटीवर नातवाच्या गच्चीचे पांढरेफटक ऊन दोन थरांत पसरले होते आणि त्याखालचे सर्व काही गडप झाले होते. फक्त एक जागा सोडून. पाण्याची टाकी काळी होती. काळ्या वस्तूवरून भिंगात उजेड जवळजवळ येत नाही, त्यामुळे टाकीच्या आकाराच्या तेवढ्या भागात नव्या उन्हाने जुन्या फोटोला स्पर्श केला नव्हता. त्या लांबट काळ्या आकारात, भोकातून आत पाहावे तसे, एका बाईचे दोन पाय, लुगड्याचा काठ आणि दगडी पायरीची कड दिसत होती. चेहरा टाकीच्या वर, उन्हात होता. म्हणजे आता नव्हता.

निगेटिव्ह दाट होत्या, म्हणून एनलार्जरऐवजी स्कॅन करून मोठ्या प्रती काढल्या आणि फेब्रुवारीत वाड्यावर घेऊन गेलो. आजींना मी त्या दिवशी प्रथमच भेटलो. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार बळावला होता आणि नजरेच्या मध्यभागचे दिसणे थांबले होते. मागच्या मेमध्ये त्या भिंग धरून वर्तमानपत्राचे मथळे वाचत असत, हे अप्पांनी तेव्हा सहज बोलता बोलता सांगितले.

मी चौथी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे पांढरं पांढरं ते काठ्यांचं." मग पाचवीबद्दल विचारले, "ह्यात कोण बसलेत?" टोपीवाले गृहस्थ आहेत असे सांगताच त्या हसल्या. "तुमचे आजोबाच की. फोटो मीच काढत होते. त्यांना खाली बघून नेम धरायला जमायचं नाही, सगळे वाकडे यायचे."

अप्पा आईकडे पाहत राहिले. मी मात्र हातातल्या प्रतींकडे पाहिले, कारण हे मला आधीच कळायला हवे होते. पोटाशी धरायच्या कॅमेऱ्यात धरणाऱ्याची उंची फोटोत उमटते. या सगळ्या फोटोंत नजर फार खालून होती, ओट्यावर बसलेल्या माणसाच्या छातीच्याही खालून, आणि आजोबा सहा फुटांच्या जवळपासचे होते हे मी माझ्या वहीत लिहिलेले होते.

सातव्या फोटोतले पाय, काठ आणि पायरी मी वर्णन करून सांगितली. "तुळशीपुढची पायरी ती. धाकटी बहीण उभी होती माझी. लग्न होऊन हैदराबादला जायच्या आदल्या दिवशी काढला." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "तिचा दुसरा फोटो नाही आमच्यात." नातू उठून आत पाणी आणायला गेला.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

नातवाने दाबलेल्या दोन कळांबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. सापडलेला कॅमेरा कोणीही दाबूनच पाहतो. ज्यांच्या घरी असा कॅमेरा निघेल त्यांनी आधी तो उलटा करून लाल खिडकीत पाहावे, आकडा दिसला तर कळ दाबू नये, चावी फिरवू नये, खिडकीवर काळी पट्टी लावावी, आणि दुकानदार कितीही आत्मविश्वासाने पेचकस काढत असला तरी त्याला उघडू देऊ नये. येथे गंजलेल्या खिट्टीने रोल वाचवला, दर वेळी ती गंजलेली असेलच असे नाही.

माझ्या बाजूने, मे ते जानेवारी थांबणे ही चूक होती. तेव्हा दिलेली कारणे तांत्रिकदृष्ट्या खरी असली तरी ती अडचणी होत्या, अडसर नव्हते. एका मोठ्या घमेल्यात बर्फ, त्यात ट्रे, आणि चार घागरी आधी गार करून ठेवलेले पाणी एवढ्याने मे महिन्यातही १८ अंश साधले असते. स्टुडिओच्या दिवसांत आम्ही लग्नसराईत, म्हणजे भर उन्हाळ्यात, बर्फावरच रोल धूत होतो. मला थंडी सोयीची होती, आणि ती सोय मी फिल्मच्या काळजीच्या नावाखाली घेतली. ही चूक मला एकाच बाजूने दिसत होती, कारण या प्रकरणात वेळेबरोबर काय काय ढळते आहे याची यादी करताना मी केवळ फिल्म धरली. आजी धरल्या नाहीत. मेमध्ये त्यांनी भिंगाने आजोबांचा चेहरा पाहिला असता.

त्याहून मुळातली चूक पहिल्याच दिवशीची. कॅमेरा आजींच्या लुगड्यात निघाला होता, त्यांच्या भावाने आणला होता, आणि मी त्यांच्या मुलाला आणि नातवाला तासभर प्रश्न विचारत बसलो. आजी घरीच होत्या असे नंतर कळले. एक फोन लावला असता तर सातवा फोटो काढलेला आहे, तो कोणाचा आहे, आणि रोल १९५६च्या आधीचा की नंतरचा हे सर्व त्यांनी सांगितले असते. बहिणीच्या लग्नाचे साल त्यांना तोंडपाठ आहे, १९५९. वेरिक्रोम की वेरिक्रोम पॅन हा माझा मोठा तांत्रिक पेच त्या एका आकड्याने सुटला असता.

रोल अर्धवट का राहिला, हे मी अखेर त्यांनाच विचारले. त्या काळी ६२०ची फिल्म सोलापुरात मिळत नव्हती. भावाने दोन रोल आणले होते, त्यांतला हा दुसरा. म्हणून पाच फोटो त्यांनी राखून ठेवले होते, घरात काही मोठे निघाले तर. पुढे अप्पांची मुंज झाली, तेव्हा स्टुडिओतला माणूस बोलावला होता, आणि पाच तसेच राहिले. ते पाच मी चाचण्यांत वापरले, हे मी त्यांना सांगितले. फॉग, बेन्झोट्रायझोल वगैरे समजावण्याचाही थोडा प्रयत्न केला. त्यांनी हाताने नको नको अशी खूण केली.

६२०ची फिल्म कोडॅकने १९९५ साली बंद केली, पण तिची रुंदी १२०च्या फिल्मएवढीच असते. फरक फक्त रिळाचा, ६२०चे रीळ बारीक दांड्याचे. मार्चमध्ये मी १२०चा एक नवा रोल अंधारात त्यांच्या जुन्या बारीक रिळावर गुंडाळला, भिंग पुसले, कॅमेऱ्यात भरला आणि चावी फिरवून लाल खिडकीत १ आणून कॅमेरा आजींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन्ही बाजूंच्या कळा बोटांनी चाचपल्या आणि फोटोची कळ अचूक ओळखली.

"किती निघतील ह्यात?"

"बारा."

"मग पाच ठेव रे राखून," त्या नातवाला म्हणाल्या.